थेंबभर, जास्त नाही

काका लिफ्टनं खाली गेलेत की अजून वरच आहेत, हे आमच्या इमारतीत कुणाला विचारावं लागत नाही. लिफ्टचं दार उघडलं की कळतं. ओवा, पुदिना आणि कापूर यांचा एक जाड, डोळ्यांत शिरणारा वास आतल्या आरशापासून वरच्या पंख्यापर्यंत मुक्कामाला असतो. वास ताजा असेल तर काका आत्ताच भाजीला गेलेत, जरा निवलेला असेल तर भाजी घेऊन परत आलेत. वॉचमनला एवढ्यावरून काकांचा ठावठिकाणा सांगता येतो आणि सहसा तो चुकत नाही.

काकांच्या बुशशर्टाच्या वरच्या खिशात एक छोटी काचेची बाटली असते. बाटलीत अमृतधारा. तिच्या शेजारी आधार कार्ड, कारण पंच्याहत्तरी उलटल्यापासून काकांना एसटीचा प्रवास फुकट आहे. त्या योजनेच्या नावातही 'अमृत' आहे, हा काकांच्या मते निव्वळ योगायोग नाही. हे काका म्हणजे अमुक एक गृहस्थ, असं मात्र समजू नका. जुन्या पनवेलात टिळक रोडपासून उरण नाक्यापर्यंत कुठल्याही जिन्यानं वर जा, कुठल्या तरी मजल्यावर ते भेटतीलच. वाडा पाडून सात मजले झाले, ओसरी जाऊन पार्किंग आलं, तरी ते जागच्या जागी आहेत. कधी ते काका असतात, कधी आजी असतात, एका घरी तर तिशीतला मुलगा आहे आणि आयटीत आहे. वास तोच.

आमचे काका रसायनीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. होते हिशेब खात्यात. पण सगळी नोकरी ज्या बसनं केमिस्ट लोक जायचे त्याच बसनं गेल्यामुळे आपण 'केमिकल लाइन'मधले, असा त्यांचा पक्का समज आहे. कुठल्याही विषयावर बोलताना ते "आमच्या लाइनमध्ये" असं सुरू करतात. समोरच्याला वाटतं आता काहीतरी गंभीर येणार. येते ती बाटली.

तक्रार करायची गरज नसते. जिन्यात शिंकलात तरी पुरे. काका थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि एका शब्दात निदान करतात. "डोकं?" किंवा "पोट?" किंवा, प्रवासाला निघालेल्याला, "गाडी लागते?" तुम्ही "नाही हो, सहज" म्हणेपर्यंत बूच निघालेलं असतं. बाटलीच्या तोंडावर अंगठा, बाटली उलटी, पुन्हा सुलटी, आणि ओला अंगठा तुमच्या कपाळाच्या दिशेनं. "थेंबभर, जास्त नाही. डोळे मीट. उघडू नको म्हटलं ना!" सगळे उघडतात. मग डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, घशात आवंढा. अशा अवस्थेत काका विचारतात, "मोकळं वाटतंय ना?" बोलणं शक्य नसल्यामुळे माणूस मान हलवतो. ती मान काका जमेच्या बाजूला मांडतात. चाळीसेक वर्षांच्या या खतावणीत नावे बाजूला अजून काहीही पडलेलं नाही.

पोटाची तक्रार असेल तर प्रकरण काकूंकडे जातं. "अगं, बत्तासा आण." काकूंच्या फडताळात बत्ताशांचा एक डबा कायम भरलेला असतो आणि तो गणपतीसाठी आहे असं त्या नातवंडांना सांगतात. बत्ताशावर दोन थेंब, तो जिभेवर ठेवायचा, चावायचा नाही. पहिला क्षण गोड असतो. दुसऱ्या क्षणी कानशिलं गार पडतात आणि घशातून काहीतरी पेटत खाली जातं. माणूस पोटदुखी विसरतो. निदान त्या दुखण्याकडे लक्ष द्यायला त्याला सवड राहत नाही.

काकांना पनवेलचा असल्याचा अभिमान आहे तो मुख्यतः औषधी कारणासाठी. "पनवेलकराला औषध शिकवू नका," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. त्याला आधारही आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली इथे धूतपापेश्वरचं काम सुरू केलं आणि त्यांची आसवं, अरिष्टं, भस्मं देशभर गेली. काकांच्या सांगण्यात ही गोष्ट अशा सुरात येते की, जणू त्या मुहूर्ताला तेही पाट मांडून बसले होते. एकच गोष्ट त्यांना सलते. अमृतधारा पनवेलची नव्हे. ती नावारूपाला आणली लाहोरच्या पंडित ठाकूर दत्त शर्मांनी, आणि फाळणीनंतर तो कारखाना डेहराडूनला गेला. काका यावर तोडगा म्हणून म्हणतात, "लाहोरला गाजली. घटक आपलेच."

तर हे घटक. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर. शास्त्राच्या भाषेत थायमॉल, मेंथॉल आणि कॅम्फर. तिन्ही वनस्पतींच्या सुगंधी तेलांतून निघणारे, तिन्ही पांढरे, तिन्ही स्फटिक, आणि झाकण उघडं राहिलं तर तिन्ही हळूहळू हवेत उडून जाणारे. वर्षातून एकदा, होळीनंतर उन्हं कडक झाली की काका ते आणायला बाजारात जातात. काष्ठौषधीच्या दुकानात हा दिवस मालकाच्याही लक्षात असतो, कारण त्या दिवशी तो पोराला गल्ल्यावर बसवून स्वतः मागच्या खोलीत जातो. काका आधी ओव्याच्या फुलाचा खडा तळहातावर घेऊन उजेडात धरतात. मग पुदिन्याची लांब सुईसारखी कांडी. कापराशी आले की वाद सुरू.

"भीमसेनी द्या."

"भीमसेनीच आहे, काका."

"भीमसेनी म्हणजे भीमसेनी. बोर्नियोचा."

"पुडीवर भीमसेनी लिहिलंय. बोर्नियोला मी गेलेलो नाही."

वाद बिनबुडाचा नाही. अस्सल भीमसेनी कापूर बोर्निओ-सुमात्राकडच्या एका उंच झाडाच्या खोडातल्या भेगांत सापडतो आणि रसायन म्हणून तो आपल्या आरतीतल्या कापराहून वेगळा आहे. त्याला बोर्निऑल म्हणतात. आरतीचा कापूर बहुतेक टर्पेंटाइनपासून, म्हणजे चीड जातीच्या झाडांच्या राळेपासून, कारखान्यात तयार होतो. काकांना हे सगळं ठाऊक आहे. तरी ते दरवर्षी तीच पुडी घेतात, दरवर्षी तेच बोलतात, आणि दुकानदार दरवर्षी पाच रुपये कमी करतो. वाद बहुधा त्या पाच रुपयांसाठीच असावा.

घरी आल्यावर काका इमारतीतली पोरं गोळा करतात. वर्तमानपत्र अंथरलं जातं. सोनाराकडून कधीकाळी आणलेला छोटा काटा निघतो. तिन्ही जिन्नस समभाग तोलून मोठ्या काचेच्या बाटलीत. प्लॅस्टिकची बाटली कुणी पुढे केली तर काका ओरडतात, आणि ते बरोबर आहे, कारण ही द्रव्यं कित्येक जातींचं प्लॅस्टिक मऊ करतात, रबरी बूचही फुगवतात. बाटलीत पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. नुसते तीन कोरडे पांढरे खडे. काका बूच लावून बाटली गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवतात आणि म्हणतात, "आता कुणी हात लावायचा नाही. बघत राहा."

पोरं बघत राहतात. आधी खड्यांच्या कडा ओल्या दिसू लागतात. मग तळाशी एक चकाकी. मग खडे एकमेकांत घसरतात, आणि बघता बघता बाटलीत पाण्यासारखी पातळ धारा तयार होते. ही गोष्ट मी पुष्कळदा पाहिली आहे आणि अजूनही काही काम काढून त्या वेळी गॅलरीत जातो. ओव्याचं फूल एकटं असेल तर वितळायला पन्नास अंशांच्या आसपास उष्णता लागते, पुदिन्याचं बेचाळीसच्या आसपास, आणि कापूर तर पावणेदोनशेच्याही पुढचा. पण तिघं एकत्र आले की एकमेकांची घडी बसू देत नाहीत. स्फटिक व्हायला प्रत्येकाला आपापल्या जातीचे रेणू ओळीनं शेजारी लागतात आणि इथे मध्ये दुसराच येऊन बसलेला. त्यामुळे साध्या उन्हात, किंबहुना सावलीतही, सगळ्यांचं पाणी होतं. काका हे असं सांगत नाहीत. ते म्हणतात, "बघितलंत? भांडण मिटलं की माणूस असा होतो." पोरांना यातलं काही कळत नाही. पण एक जण दरवर्षी टाळ्या वाजवतो.

काकांचा पुतण्या तळोजा एमआयडीसीत खराच केमिस्ट आहे. घराण्यात एक तरी खरा केमिस्ट असावा, तो हा. एका रविवारी जेवताना त्यानं विषय काढला. शंभर किलो ओव्यातून तेल निघतं दोन ते चार किलो, आणि त्या तेलात निम्म्याच्या आसपास थायमॉल. या हिशेबानं ओव्यापासून काढलेलं फूल परवडणार कुणाला? बाजारातलं बरंचसं थायमॉल मेटाक्रेसॉलपासून कारखान्यात बनतं. "म्हणजे काका, तुमच्या बाटलीतल्या फुलानं ओवा कधी पाहिलाही नसेल."

काकांचा घास थांबला. "मग वास?"

"वास तोच. रेणू तोच. ओव्यातला आणि कारखान्यातला वेगळा ओळखायचा तर मोठी यंत्रं लागतात."

काकांनी ताक पिऊन घेतलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "रेणू तोच असेल रे. पण त्याला ओव्याची आई नाही." यावर तळोज्याच्या प्रयोगशाळेकडे उत्तर नव्हतं. मला विचाराल तर पुतण्याचं शंभर टक्के बरोबर आहे. पण त्या दुपारी पंक्तीत टाळी पडली ती काकांना.

ओव्याच्या इतिहासात मात्र काकांना हरवणं अवघड आहे, कारण तिथे वस्तुस्थिती त्यांच्या बाजूची आहे. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातला ओवा जहाजं भरभरून जर्मनीला जाई आणि तिथे त्याचं थायमॉल काढत. अंकुशकृमीवर, म्हणजे अनवाणी पायांतून शरीरात शिरणाऱ्या त्या रक्तपिपासू जंतावर, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थायमॉलच्या मात्रा लोकांना देत होते. सूनबाईंनी एकदा गुळण्या करायची परदेशी निळी बाटली आणली. काकांनी भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचली आणि खोलीतून बाहेर येऊन जाहीर केलं, "थायमॉल! मेंथॉल! चारातले दोन आमचेच!" तेव्हापासून ते त्या बाटलीनं गुळण्या करतात. स्वतःचीच मालमत्ता असल्यासारख्या, मोठ्या आवाजात.

प्रतिस्पर्धी काकांना फारसे नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा लवंगेच्या तेलावर विश्वास आहे आणि दातदुखीची गिऱ्हाइकं तिकडे वळतात. लवंगेतलं युजेनॉल दंतवैद्यही वापरतात, दाताच्या दवाखान्यात शिरताच येणारा तो वास त्याचाच, हे काका मान्य करतात. पण पुढे म्हणतात, "लवंग चांगली. पण दातापुरती. माणूस काय नुसता दात असतो?"

समोरच्या ब्लॉकमध्ये एक निवृत्त वकील राहतात. त्यांनी एकदा काकांना सांगितलं की, तुमच्या अमृतधारेचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला होता. ही गोष्ट खरी आहे. कुणी 'लक्ष्मणधारा' नावाचं औषध काढलं होतं आणि ते नाव नोंदवायला अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. १९६२ साली न्यायालयानं धरलं की, सामान्य गिऱ्हाईक दोन नावं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासत बसत नाही, अर्धवट आठवणीवर दुकानात जातं, आणि त्याची गफलत होऊ शकते. मात्र अमृतधारावाल्यांनी बरीच वर्षं काणाडोळा केला होता म्हणून लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती मोकळीक मिळाली. वकिलांनी हे सगळं कलमांसकट समजावून दिलं. काकांनी त्यातलं नेमकं एवढंच उचललं की, आपली बाटली दिल्लीपर्यंत जाऊन आली आहे. दुसऱ्या दिवसापासून वाक्य तयार. "सुप्रीम कोर्टानं मान्य केलेलं औषध आहे."

"अहो काका, वाद नावाचा होता, औषधाचा नव्हे," वकील कळवळून म्हणाले.

"नाव मान्य केलं म्हणजे माणूस मान्य केलाच की. लग्नात दुसरं काय करतात?"

लग्नावरून आठवलं. इमारतीतल्या एका मुलीचं लग्न होतं. पाठवणीच्या वेळी मुलगी काही केल्या रडेना. प्रेमविवाह, सासर खांदा कॉलनीत, म्हणजे रिक्षानं पंधरा मिनिटं. रडायचं कशासाठी? तिची आत्या मात्र अस्वस्थ झाली, कारण फोटोग्राफर तयार होता. तेवढ्यात मुलीला उन्हानं जरा घेरी आल्यासारखं झालं आणि काका पुढे सरसावले. रुमालावर थेंबभर. जास्त नाही. मुलीनं तो नाकाशी न धरता, सवयीनं, काजळ सांभाळत डोळ्याच्या कोपऱ्याला टेकवला. पुढचं काय सांगावं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या ते पाहून आईला हुंदका फुटला, आईनं तोच रुमाल घेतला, मग मावशीनं, मग आत्यानं. शेवटी तो वरपित्याच्या हाती गेला. इतका हळवा व्याही पनवेलकरांनी त्याआधी पाहिला नव्हता. अल्बम अप्रतिम झाला. मंडपातला निम्मा वऱ्हाडीवर्ग "काय माया आहे हो!" म्हणत होता, आणि काका प्रत्येकाजवळ जाऊन विचारत होते, "मोकळं वाटतंय ना?"

मात्र काकांचं खरं कर्तृत्व बघायचं तर त्यांच्याबरोबर एसटीनं कोकणात जावं. पनवेल स्टँडवरून गाडी सुटली की पळस्प्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत असतात. कर्नाळ्याची खिंड लागली की मान आत वळते आणि नजर बाकावरून बाकावर फिरू लागते. कोण पिवळं पडतंय, कोणाची आई पिशवी शोधतेय. वडखळला गाडी तुंबली की ते उठतात. कंडक्टर ओळखीचा असेल तर तोच हाक मारतो, "काका, मागच्या सीटवर एक केस आहे." काका दांड्याला धरत धरत मागे जातात, पदराला, रुमालाला, मफलरीला एकेक थेंब लावत येतात, आणि माणगावपर्यंत सगळ्या गाडीला एकच वास येतो. त्याचा परिणाम होतो, एवढं मी सांगतो. का होतो ते नक्की सांगता येणार नाही. वास इतका दांडगा असतो की डिझेलचा, घामाचा, कुणीतरी उघडलेल्या सुक्या बोंबलाचा वास त्याच्यापुढे टिकत नाही, हे एक कारण असू शकेल. कुणीतरी आपली दखल घेतली, यानंही पोरांची मळमळ थांबत असेल.

उलव्याला विमानतळ झाल्यावर सगळं पनवेल जागांचे भाव बोलू लागलं. काकांची लेक बंगळुरूला असते. तिनं फोन केला, आता तर तुमच्या दाराशीच विमान आलं, या की. काकांचा पहिला प्रश्न तिकिटाचा नव्हता. "बाटली खिशात ठेवू देतात का?" लेकीनं चेक-इनच्या बॅगेत टाका म्हणून सांगितलं. काका म्हणाले, "आणि वर कुणाला चक्कर आली म्हणजे?" बेत अजून पुढे ढकललेला आहे.

त्यांची नात फार्मसीला आहे. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना मिळालं तेव्हा तिनं आजोबांना त्यातली गंमत सांगितली. आपल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारे काही कण असतात. हवा गार झाली की ते मेंदूला वर्दी देतात. मेंथॉल नेमकं त्याच कणांना जाऊन चिकटतं आणि तीच वर्दी द्यायला लावतं. त्वचेचं तापमान असतं तेवढंच असतं, पण मेंदू म्हणतो गार झालं. हा कण शोधायला या दोघांनी, वेगवेगळं काम करताना, मेंथॉलच वापरलं होतं. "म्हणजे आजोबा, तुमची बाटली थंड करत नाही. थंड झाल्याची थाप मारते."

काका बराच वेळ बाटलीकडे बघत बसले. मग म्हणाले, "पण नोबेल मिळालं ना?"

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत वास गेला की लोकांच्या पोटात गोळा येई. काकांनी दारात एक स्टूल मांडलं होतं. त्यावर कापसाचा बोळा, बोळ्यावर थेंबभर, आणि स्वतः आत, मास्क लावून, आठ फुटांवर. येणाऱ्यानं बोळा हुंगायचा आणि सांगायचं. कित्येक जण म्हणत, "गार लागतंय, पण वास नाही येत." नातीनं त्याचंही कारण सांगितलं. वास नाकाच्या एका मज्जातंतूनं कळतो, गारवा आणि झोंबणं चेहऱ्याच्या दुसऱ्याच मज्जातंतूनं, आणि त्या आजारात पहिला बिघडला तरी दुसरा बरेचदा चालू राहतो. काका अशा माणसाला लगेच तपासणीला पाठवत. ही मात्र त्यांची प्रॅक्टिस खरोखर उपयोगी होती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

एका सकाळी स्टूल दिसलं नाही. काकांनी उठल्याबरोबर सवयीनं बाटली नाकाशी नेली होती आणि काकूंना एवढंच म्हणाले होते, "गार लागतंय." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते आतल्या खोलीत राहिले, काकू बाहेरच्या. ताप उतरला, ऑक्सिजन बरा राहिला, पण वास परत येईना. काका फोनवर कमी बोलू लागले. लिफ्टमध्ये फरशी पुसायच्या फिनेलचा वास यायला लागला आणि सगळ्यांनी सोसायटीकडे तक्रार केली की हा कुठला घाणेरडा वास. फिनेल तेच होतं, नेहमीचं.

काकांच्या गॅलरीत एका फुटक्या बादलीत ओव्याच्या पानांचं झाड आहे. जाड, मखमली पानं. ते आपल्या मसाल्याच्या ओव्याचं झाड नव्हे, पण वासाचं नातं सख्खं आहे. पावसाची पहिली सर आली त्या संध्याकाळी काकूंनी त्याची भजी करायला घेतली. आतल्या खोलीतून काका ओरडले, "अगं, करपतंय!" काकूंनी झारा तसाच कढईत ठेवला आणि आत धावल्या. भजी पार जळाली. काकू अजून सांगतात, "एवढ्या वर्षांत माझं करपलेलं ह्यांनी हजारदा काढून दाखवलं. पण त्या दिवशी बरं वाटलं बाई."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये वास आला. फिनेलबद्दलची तक्रार सोसायटीनं निकालात काढली.

आता एक कडू प्रसंग, तोही सांगितला पाहिजे. तिसऱ्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. त्याला सर्दी झाली, रात्रभर रडलं, आणि सकाळी काका बाटली घेऊन दारात हजर. बाळाच्या आईनं त्यांना नमस्कार केला, बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "काका, बाळाला नाही." थेंबभर? नाही. कानामागे? नाही. नुसता दुपट्याला? "नाही, काका." काका चहा अर्धा ठेवून उठले. दोन दिवस त्यांनी जिन्यात कुणाला काही विचारलं नाही. मग पुतण्याला फोन करून खुलासा मागितला. पुतण्यानं सांगितलं की, ती बरोबर आहे. कापूर थोडा जरी लहान मुलाच्या पोटात गेला तरी झटके येऊ शकतात, आणि मेंथॉलचा उग्र दर्प तान्ह्याच्या नाकाशी नेला तर त्याचा श्वास अडकू शकतो. मोठ्यांच्या नाकाला जे मोकळं करतं तेच तिथे घात करू शकतं. काकांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि लाल शाईनं, खतावणीच्या सुरेख वळणदार अक्षरांत एक चिठ्ठी लिहून बाटलीला चिकटवली. 'लहान मुलांस देणे नाही.' खाली तारीख आणि सही. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर जाऊन ती चिठ्ठी दाखवून आले आणि उरलेला चहा पिऊन आले. बाळाची सर्दी त्याआधीच गेली होती.

तुमच्या जिन्यातही असे काका असतील. त्यांनी बाटली काढली तर कपाळ पुढे करा, त्यात तुमचं काही जात नाही. डोळे खरोखर मिटा. नंतर हात नुसत्या पाण्यानं धुऊ नका, ही द्रव्यं पाण्याला दाद देत नाहीत, साबण लावा, आणि तोपर्यंत डोळ्यांना बोट लावू नका. घरात तान्हं मूल असेल तर मात्र दारातच, चहा देऊन, स्वच्छ 'नाही' म्हणा. काका रुसतील, पण फार दिवस नाही.